खंडेनवमीचा फ्रीझर

मी उंदीर पकडते. चारचौघांत मात्र "विषाणूंवर संशोधन करते" असं सांगते, कारण उंदीर म्हटलं की समोरचा आधी फिदीफिदी हसतो आणि मग त्याच्या सोसायटीच्या गटारातल्या घुशींचं गाऱ्हाणं घेऊन बसतो. चाकणच्या गोदामांत तर विचारूच नका. आम्ही पिंजरे मांडायला गेलो, पिंजऱ्यात कांदाभजी अडकवायला लागलो, की पोरं गोळा व्हायची. "मॅडम, उंदीर धरायला एवढं शिकलात होय? आमची मांजर दहावी नापास हाय, तरी धरती." मीही ऐकून घेणाऱ्यातली नाही. "मग तिला पाठव उद्यापासून, पगार तिला देते," म्हणायचे. हसायची सगळी, आणि भजी मात्र कमी व्हायची. उंदराआधी तीच खायची.

काम काय, ते साध्या शब्दांत सांगते. उंदरांच्या अंगात अरेना नावाच्या कुळातले विषाणू राहतात. उंदराला त्यांचा काही त्रास नाही. तो जन्मभर मजेत खातो, पिल्लं घालतो आणि जाईल तिथे मुततो. ते वाळतं, धुळीत मिसळतं, कुणीतरी कोरडा झाडू मारला की माणसाच्या नाकात जातं. मग ताप, अंगदुखी, घसा. बहुतेक जण बरे होतात. काहींच्या हिरड्यांतून, नाकातून, पोटातून रक्त यायला लागतं आणि ते जातात. आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत या कुळाने माणसं मारली आहेत. आशियातल्या काही देशांत त्याच कुळातले भाऊबंद उंदरांत सापडलेत. आपल्याकडे फारसं काही नाही, असं मला मोठमोठ्या मीटिंगांत ऐकवलं जायचं. अहो, शोधलं तर सापडेल ना! शोधायला माणूस नाही, पैसा नाही, आणि वर "आपल्याकडे नाही" म्हणून निवांत झोपायचं. माझं डोकं फिरायचं. अजूनही फिरतं.

माझा धाकटा भाऊ चाकणच्या अशाच एका गोदामात पॅकिंगला होता. गाड्यांचे सुटे भाग लाकडी खोक्यांत भरायचे, मध्ये पुठ्ठा आणि थर्माकोल. उंदरांना घर बांधायला याहून चांगलं सामान कुठे मिळणार? शिफ्ट संपायच्या आधी फरशी झाडायची ती कोरडीच, कारण पाणी मारलं तर पुठ्ठा भिजतो. मी त्याला म्हणायचे, तोंडाला निदान रुमाल बांध रे. तो म्हणायचा, "ताई, आत किती उकडतं तुला माहितेय का? रुमाल बांधला तर उंदराच्या आधी मीच मरेन." असाच बोलायचा तो. सगळ्याची थट्टा.

ऑगस्टमध्ये त्याला ताप आला. आधी आमच्या चिंचवडच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. मग डोळे लाल झाले, मग हिरड्यांतून रक्त. हॉस्पिटलात नेलं. डेंगी निगेटिव्ह, मलेरिया निगेटिव्ह, लेप्टो निगेटिव्ह. जे जे तपासता येतं ते सगळं तपासलं आणि सगळं निगेटिव्ह. मी बेडशेजारी उभी होते आणि माझ्या डोक्यात एकच नाव फिरत होतं, आणि ते तपासायची सोय त्या हॉस्पिटलात नव्हती, माझ्याकडेही नव्हती. मी फक्त नमुने गोळा करते; तपासणी मोठ्या प्रयोगशाळेत, कडक बंदोबस्तात होते. डॉक्टरांच्या हातापाया पडून, त्याच्या बायकोची सही घेऊन त्याचं उरलेलं रक्त मी मागून घेतलं आणि बर्फाच्या डब्यातून आमच्या ताथवड्याच्या लॅबमध्ये नेऊन फ्रीझरमध्ये ठेवलं. दोन दिवसांनी तो गेला. सर्टिफिकेटवर लिहिलं, अवयव निकामी झाले. कशाने झाले ते लिहायला त्यांच्याकडे काही नव्हतं.

आमचं घर म्हणजे बाबा, मी, भाऊ, भावजय आणि त्यांची चिमुरडी. आई फार आधी गेली. मी लग्न केलं नाही, राहिले इथेच. बाबा लातूरकडून तरुणपणी आकुर्डीला आले आणि निवृत्त होईपर्यंत एकाच कंपनीत मेंटेनन्स फिटर होते. मशीन आवाज बदलून बोलायला लागलं की त्यांना कळायचं. पोरगा बोलायचा बंद झाला, तेव्हा मात्र त्यांना काहीच कळेना. दिवसभर गॅलरीत बसायचे. जेवायला हाक मारली तर येऊन जेवायचे, नाही मारली तर तसेच.

महिन्याभराने गोदामाचा ठेकेदार घरी आला. वाईट माणूस नव्हता, उगाच कशाला खोटं बोलू. म्हणाला, वहिनींना त्याच्या जागी घेतो, बसून करायचं काम देतो, लेबलं लावायची. भावजय बारावी शिकलेली, बीडकडची, कमी बोलणारी. तिने बाबांकडे पाहिलं. बाबा कितीतरी दिवसांनी मोठ्याने बोलले. "त्या गोदामात? माझं एक लेकरू तिथं गेलं. ताईचा रिपोर्ट येऊ द्या. गोदामातल्या घाणीनं गेला असंल तर माझी सून तिथं पाय ठेवणार न्हाई, उपाशी राहू. आन तसं नसंल तर मग बघू." ठेकेदार बरं म्हणून उठला.

म्हणजे आता सगळं फ्रीझरमधल्या त्याच्या रक्ताच्या एका नळीवर आलं. बोटाच्या पेराएवढी नळी. तिच्यात माझा भाऊ कशाने गेला याचं उत्तर होतं, आणि माझ्या भावजयीने कुठे जायचं आणि कुठे नाही, याचंही.

आणि ती नळी मला पाठवता येईना! माझ्या प्रकल्पाला उंदरांची परवानगी होती, माणसांची नव्हती. माणसाचं रक्त तपासायचं तर समिती बसावी लागते. समितीतला एक जण परदेशी, एकाच्या मुलीचं लग्न, एकदा कोरम नाही, एकदा गणपतीची सुट्टी. एका बाईंनी मला विचारलं, "नमुना तुमच्या सख्ख्या भावाचा आहे, मग यात तुमचा स्वार्थ नाही का?" मी म्हटलं, आहे ना. भाऊ मेलाय माझा, स्वार्थ नसेल तर काय असेल! त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला. मी गाडीत बसून इतकी रडले की पार्किंगचा वॉचमन पाणी घेऊन आला.

दरम्यान मी त्या गोदामात पिंजरे मांडायला परवानगी मागितली. मालकाने आत येऊ दिलं नाही. मग मी कंपाउंडच्या भिंतीबाहेर, नाल्याच्या कडेला पिंजरे लावले. भिंतीखालून त्यांची ये-जा होतीच. त्या उंदरांचे, घुशींचे नमुनेही त्याच फ्रीझरमध्ये, भावाच्या नळीच्या शेजारच्या कप्प्यात ठेवले. उणे ऐंशी अंशांवर. उंदरांत आणि त्याच्यात एकच विषाणू निघाला असता तर कुणाच्या बापाला नाकारता आलं नसतं.

शेवटी समिती हो म्हणाली, तेव्हा नवरात्र सुरू झालं होतं. कोरडा बर्फ घालून नमुने नेणाऱ्या गाडीवाल्याने सांगितलं, दसऱ्यात आमचे ड्रायव्हर गावाला जातात, सुट्ट्या झाल्या की पहिली गाडी तुमची. मी म्हटलं ठीक. एवढे दिवस थांबलो, अजून थोडे. फ्रीझर चालू आहे, जनरेटर आहे, वीज गेली तर अलार्म वाजतो, वॉचमनला दिवा दिसतो. काय होणार होतं?

खंडेनवमीला आमच्या भागात मशीनची पूजा असते, हे इथल्या कुणाला सांगायला नको. लेथ असो, प्रेस असो, रिक्षा असो, टपरीवरची झेरॉक्स असो. पुसून लख्ख करायची, हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ. आणि त्या दिवशी ती चालवायची नाही. बाबांच्या आयुष्यातला सणांचा सण हाच. लहानपणी आम्ही दोघं भावंडं त्यांच्यासोबत कंपनीत जायचो, पेढे खायचो आणि एवढ्या मोठ्या शेडमध्ये एकही आवाज नाही, याचं नवल करत उभे राहायचो. त्या वर्षी बाबा कशातच मन घालत नव्हते. मी म्हटलं, बाबा, चला माझ्या लॅबला, माझी मशीनं तुमच्या हातून पुजून घ्यायचीत. पहिल्यांदा मान हलवली. मग उठले, दाढी केली, इस्त्रीचा पांढरा शर्ट काढला. इतकं बरं वाटलं मला! वाटलं, चला, माणूस हलला एकदाचा.

लॅबमध्ये फक्त आम्ही दोघं होतो. बाकीचे सकाळीच हार घालून घरी गेले होते. बाबांनी घरून जुनं धोतर फाडून मऊ फडकी आणली होती. सेंट्रिफ्यूज पुसलं, सूक्ष्मदर्शक पुसलं, पिंजरेसुद्धा एकेक करून पुसले. "ह्यात धरतीस व्हय उंदीर?" म्हणाले. मग त्या मोठ्या फ्रीझरपाशी आले.

"ह्याच्यात हाय का त्याचं?"

मी हो म्हटलं. त्यांनी दारावर तळवा टेकवला आणि तसाच ठेवला. मला बघवेना. मी बाहेरच्या खोलीत जाऊन नारळ सोलत बसले, आणि डोळे पुसत होते, म्हणून जरा जास्तच वेळ बसले. परत आले तेव्हा फ्रीझरला कुंकवाची पाच बोटं लागली होती आणि झेंडूचा जाड हार वरून असा सोडला होता की तापमानाचे आकडे दिसायची काच पूर्ण झाकली होती. एसी घरघरत होता. मी नारळ फोडला, बाबांनी हात जोडले. "चल माय," म्हणाले. मी दिवे घालवले, कुलूप लावलं, आणि आम्ही येताना आकुर्डीला गुळाची जिलबी घेतली.

दसरा आणि पुढे लागून आलेली शनिवार-रविवारची सुट्टी. सोमवारी सकाळी मी लॅब उघडली तर फरशीवर पाणी. दारातच थांबले. कुंकू ओघळून खाली आलं होतं आणि त्या पाण्यात मिसळलं होतं. हार सुकलेला. हार बाजूला केला तर काच काळी. मागे वाकून पाहिलं. चावी बंद. अलार्मचा वेगळा खटका असतो, तोही बंद. भिंतीवरचा फ्रीझरपुरता मेन बंद. एकेक करून, व्यवस्थित, ज्या क्रमाने बंद करायला हवेत त्याच क्रमाने. अर्धवट बंद केलं असतं तर बोंबललं असतं ते मशीन. पण मेंटेनन्सचा माणूस अर्धवट काम करत नाही. मी दार उघडलं. आतून वास आला. कप्प्यांतले सगळे नमुने कोमट पाण्यात पडले होते. भावाची नळी मी हातात घेतली, ती गार नव्हती.

मी तिथेच फरशीवर बसले. मला ओरडायचं होतं, पण कुणावर ओरडू? देवावर? समितीवर? त्या गाडीवाल्यावर? सगळ्यांवर ओरडले असते, सगळे समोर असते तर. ज्या माणसाने बंद केलं त्याच्यावर ओरडायची माझी छाती नव्हती.

संध्याकाळी घरी गेले तर बाबा गॅलरीतून उठून पुढे आले. चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी थोडं तेज. "काय गं, दसऱ्याला सकाळी नारळ फोडून केलं का लोकांनी मशीन चालू? त्या दिवशी सगळं नीट बंद करून आलो बघ. लई दिवस झाले, एकसारखं चालायलंय बिचारं, त्याला बी एक दिवस विसावा पाहिजे. मी म्हटलं, उद्या पहिल्या शिफ्टचे लोक येतील, नारळ फोडतील, चालू करतील."

पहिल्या शिफ्टचे लोक! त्यांच्या उभ्या आयुष्यात असं एकही मशीन नव्हतं, जे बंद केल्यावर चालू करायला दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. दसऱ्याच्या सकाळीही कुणीतरी येतंच, ओव्हरटाइमवाले तरी येतात. आमच्या लॅबला दुसरी शिफ्ट नव्हती, पहिलीही नव्हती. मी होते फक्त, आणि मी घरी आपट्याची पानं वाटत होते.

"केलं चालू," मी म्हटलं. ते बरं म्हणाले आणि पोरीला मांडीवर घेऊन बसले.

नमुने मी तरीही पाठवले. का पाठवले? मूर्खपणा. नळीतल्या रक्तात हा विषाणू गोठलेलाच टिकतो, कोमट पाण्यात पडून त्याचा मागमूस राहत नाही, हे मी विद्यार्थ्यांना शिकवते. तरी एखादा तुकडा राहिला असेल, एखादी खूण असेल, असं वाटत होतं. मेलेल्या माणसाच्या छातीला कान लावून बघतात ना, तसं. मोठ्या प्रयोगशाळेला सगळं खरं कळवलं. त्यांनी शब्दही वावगा न काढता तपासून दिलं. दिवाळी होऊन गेल्यावर उत्तर आलं. भाऊ, उंदीर, घुशी, सगळ्यांपुढे एकच शब्द: आढळला नाही. खाली एक ओळ होती की नमुने तपासणीयोग्य नव्हते, त्यामुळे निष्कर्ष ग्राह्य धरू नये.

मी ते घरात दाखवणार नव्हते. पण बाबा रोज विचारायचे, आला का, आला का, आणि मला खोटं बोलायचाही कंटाळा आला होता. एका संध्याकाळी म्हटलं, आला. काही आढळलं नाही.

बाबांनी डोळे मिटले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे गोदामाचं काही न्हाई." भावजय स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. बाबा तिच्याकडे न बघता बोलले, सुनेशी ते तसंच बोलतात. "मग काही हरकत न्हाई. त्या माणसाला कळवा म्हणावं. जाऊ दे तिला. लेकराला शाळेत घालायचंय."

त्या वेळी मी गप्प बसले असते तर? हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारते. पण माझ्या डोळ्यांसमोर ती उभी होती, हातात कोरडा झाडू घेऊन, त्याच शेडमध्ये, त्याच खोक्यांच्या मध्ये. मी म्हटलं, "बाबा, थांबा. त्या रिपोर्टला काही अर्थ नाही. नमुना खराब झाला होता."

"खराब कसा झाला?"

"वितळला."

"कसा वितळंल? लाइट गेली तर जनरेटर हाय तुमचा. मी बघितलाय, चांगला हाय." ते सरसावून बसले. चाळीसेक वर्षं काम केलेला फिटर जागा झाला होता त्यांच्यात, बिघाड शोधायला. "कॉम्प्रेसर गेला? गॅस गेला? दाराचं रबर?"

मी वीज गेली म्हणाले असते तर पटलं नसतं. कॉम्प्रेसर म्हणाले असते तर उद्या बघायला आले असते. ते माझ्याकडे बघत राहिले. मी खाली बघितलं. एवढंच केलं मी. पण मशीनचा आवाज ओळखणाऱ्या माणसाला तेवढं पुरलं.

"चालू केलं न्हवतंच का कुणी?" त्यांनी विचारलं.

"सुट्टी होती, बाबा."

ते स्वतःच्या तळहातांकडे बघत होते. मग म्हणाले, "अलार्मचा खटका वेगळा होता. तो बी मीच बंद केला. वाजू नये म्हणून." आणि उठून आत गेले. पांघरूण घेऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. जेवायला उठले नाहीत. मी पायाशी बसले, बाबा, तुमची काय चूक, मी सांगायला हवं होतं, असं काहीबाही बोलत राहिले. त्यांनी पाय जवळ ओढून घेतले.

स्वयंपाकघरात भावजय भांडी घासत होती. मी तिला म्हटलं, "तू आता जाऊ नकोस तिकडे. काही कळलेलं नाही अजून."

तिने नळ बंद केला. तिला मी कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं. "ताई, कशाला सांगितलंत त्यांना?"

"तू गेली असतीस म्हणून."

"मी जाणारच होते. दिवाळीच्या आधीच हो म्हणून कळवलंय. रिपोर्ट काहीही आला असता तरी जाणार होते. दुसरं काम कोण देणार मला? तुमच्या पगारावर आम्ही दोघी किती दिवस बसायचं?" तिने पुन्हा नळ सोडला. "बाबांना तेवढं समाधान होतं. ते तरी राहू द्यायचं होतं."

पुढच्या सोमवारपासून ती जायला लागली. मी चांगले मास्क आणून दिले. ते ती आठवणीने डब्यासोबत नेते आणि तसेच परत आणते, आत फार उकडतं म्हणून. चाकणहून कंपनीची बस चौकात येते त्या वेळेला बाबा बाहेरच्या खोलीत येऊन उभे राहतात. त्या संध्याकाळपासून ते माझ्याशी बोलत नाहीत. रागाने नाही, मला ठाऊक आहे. त्यांना माझ्यासमोर तोंड वर करवत नाही. फक्त ती चपला काढून आत आली की एक वाक्य रोज बोलतात. सुनेच्या अंगाला सासऱ्याने हात लावायचा नाही, अशी आमच्याकडे रीत आहे, म्हणून मला सांगतात.

"कपाळ बघ तिचं."

मी हात लावून बघते.